होतकरू

मराठी ग्रंथपरीक्षणांत एक शब्द हटकून भेटतो: ‘आश्वासक’. पहिला कवितासंग्रह आश्वासक असतो, पहिली कादंबरी ‘अपेक्षा उंचावणारी’ असते, आणि शेवटच्या परिच्छेदात लेखकाला पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा दिलेल्या असतात. हे शब्द आम्हीही परीक्षणे लिहिताना वापरलेले आहेत. त्यांत कौतुक असते, आणि त्या कौतुकाला एक मुदतही जोडलेली असते. हा माणूस अजून झालेला नाही, व्हायचा आहे, आणि तो झाला की नाही हे आम्ही ठरवणार आहोत, असे त्या शब्दांचे खरे म्हणणे असते. त्याच अर्थाचा आपल्याकडचा अधिक घरगुती शब्द म्हणजे ‘होतकरू’.

ह्या शब्दाचे वजन आम्हाला कळले ते पुस्तकांमुळे नव्हे. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात, २००५ ते २०१२ ह्या सात वर्षांत, एका सात फूट उंचीच्या मुलाला दूरचित्रवाणीवर वाढताना पाहून ते कळले. मुलाचे नाव अँड्र्यू बायनम. तो न्यू जर्सीच्या एका शाळेतून आला होता आणि खरे तर कनेटिकट विद्यापीठात शिकायला जाणार होता. जून २००५ मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सने नव्या खेळाडूंच्या निवडीत दहाव्या क्रमांकावर त्याला घेतले, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. त्या संघटनेच्या इतिहासात इतक्या लहान वयाचा मुलगा त्यापूर्वी कधी निवडला गेला नव्हता. २ नोव्हेंबर २००५ रोजी तो पहिला सामना खेळला तेव्हा त्याला अठरा पूर्ण होऊन सहा दिवस झाले होते. पुढच्याच वर्षापासून वयाची किमान अट एकोणीसवर गेली आणि शाळेतून थेट तिथे जाण्याची वाट बंद झाली. त्यामुळे तो विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. विक्रम म्हणण्यापेक्षा जन्मतारखेची नोंद म्हणणे अधिक बरोबर होईल.

आम्ही पाचजण होतो. दोघे संगणकाच्या नोकरीत, दोघे प्रयोगशाळांत, आणि एक जवळच्याच विद्यापीठात हस्तलिखितांतील पाठभेदांवर प्रबंध लिहिणारा. क्रिकेटशिवाय दुसऱ्या खेळाचा गंध नसलेली ही मंडळी बास्केटबॉलकडे वळली ती परदेशातल्या संध्याकाळी लवकर अंधारतात म्हणून. बाहेरगावचे सामने साध्या अँटेनावर दिसत; घरच्या मैदानावरचे सामने केबलवर असत, आणि केबल एकाकडेच होती. म्हणून सगळे त्याच्याकडे. एका पातेल्यात खिचडी शिजत असे, पापड भाजले जात, आणि लेकर्सच्या व्यवस्थापनाने काय करायला हवे होते ह्याविषयी रात्री उशिरापर्यंत वाद चालत.

ज्यांनी हा खेळ फारसा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. संघातला सर्वांत उंच खेळाडू म्हणजे सेंटर. तो टोपलीच्या जवळ, दाटीवाटीत खेळतो. हुकलेले फटके झेलणे, समोरच्यांचे फटके अडवणे, पाठीशी प्रतिस्पर्धी घेऊन चेंडू टोपलीत टाकणे ही त्याची कामे. वरवर पाहता उंची असली की झाले, असे वाटते. प्रत्यक्षात हीच जागा शिकायला सर्वांत जास्त वर्षे लागतात. एक तर हे मुलगे फार भराभर उंच झालेले असतात. हाडे पुढे गेलेली असतात आणि तोल मागून येत असतो. शाळेत सगळेच त्यांच्यापेक्षा बुटके असल्याने त्यांना पायांचा उपयोग करायची कधी गरजच पडलेली नसते. चेंडू झेलल्यावर तो छातीखाली आणू नये, हे सांगायला अर्धे मिनिट लागते, आणि अंगात मुरायला तीन वर्षे. चेंडू खाली आला की बुटक्या खेळाडूंचे हात तिथे टपलेलेच असतात. शिवाय बचावात सगळे मैदान सेंटरच्या डोळ्यांसमोर असते. कोण कुठून कापत येतो आहे, कोणाच्या मदतीला जायचे आणि आपला माणूस कोणावर सोडायचा, हा निर्णय क्षणार्धात घ्यायचा, आणि तोही उडी मारण्याचा मोह आवरून. तरुण सेंटर उडी फार लवकर मारतो. उडी उशिरा मारता येणे हीच त्याची वयात आल्याची खूण.

पहिल्या वर्षी बायनम बहुतेक वेळ बाकावर बसून असे. सेहेचाळीस सामने, प्रत्येकी सरासरी सात मिनिटे, दीड-पावणेदोन गुण. त्या वर्षातली त्याची एकच घटना लोकांच्या लक्षात राहिली. १६ जानेवारी २००६ रोजी मायामीचा संघ लॉस एंजेलिसला आला होता आणि त्यात शकील ओनील होता. हा महाकाय माणूस २००४ पर्यंत लेकर्सचाच होता. त्याच्या जाण्याने जी जागा रिकामी झाली होती ती भरण्यासाठीच हा मुलगा आणला गेला होता. ओनीलने बायनमच्या डोक्यावरून चेंडू टोपलीत कोंबला. लगेच दुसऱ्या बाजूला बायनम गिरकी घेऊन त्याला चुकवून गेला आणि त्याने तसाच चेंडू कोंबला, आणि परत धावताना ओनीलला धक्का दिला. ढकलाढकली झाली, पंचांनी दोघांनाही ताकीद दिली. आमच्या खोलीत जल्लोष झाला. त्यानंतर सहाच दिवसांनी त्याच मैदानावर कोबी ब्रायंटने एका सामन्यात ८१ गुण केले आणि मुलाची ती गिरकी सगळे विसरले. आम्ही मात्र विसरलो नाही, कारण आम्हाला त्या एका गिरकीत पुढची पंधरा वर्षे दिसली होती. पुढे जे काही झाले त्याचे मूळ ह्या दिसण्यात आहे.

लेकर्सने त्याच्यासाठी एक शिक्षक नेमला होता, आणि तो शिक्षक करीम अब्दुल-जब्बार होता. सहा अजिंक्यपदे, ३८,३८७ गुण. हा गुणांचा विक्रम २०२३ पर्यंत कोणाला मोडता आला नाही. गुरूचा फटका जगप्रसिद्ध होता: टोपलीकडे खांदा करून, हात पूर्ण उंचावून, मनगटाच्या झोक्याने सोडलेला ‘स्कायहूक’. तो फटका कोणालाच नीट अडवता येत नसे, आणि आश्चर्य म्हणजे त्याच्यानंतर तो कोणी फारसा उचललाही नाही. आपल्याकडे गायकीच्या घराण्यांत तालीम जशी दिली जाते तशी ही तालीम असावी असे आम्ही कल्पिले होते. बायनम स्कायहूक शिकला नाही. तो शिकला ते त्यामागचे: पाय कुठे ठेवायचा, खांदा कधी वळवायचा, दोन्ही हातांनी सारखेच खेळता येणे. शिकवणीतून नेमके काय उतरते हे शिक्षकाच्याही हाती नसते, हे आपल्यातल्या शिक्षकांना नव्याने सांगायला नको.

आमच्या पाठभेदवाल्या मित्राने ह्याच सुमारास एक वही केली. दोनशे पानी, साधी. प्रत्येक सामन्याला एक पान. गुण आणि झेल वृत्तपत्रात येतातच, ते लिहून उपयोग नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्याचे रकाने वेगळे होते: चेंडू कुठे झेलला, टोपलीपासून किती अंतरावर, झेलल्यावर हात खाली आला की वरच राहिला, सहकाऱ्यासाठी आडोसा करून उभा राहिला तेव्हा स्थिर होता की हलला, उडी मारल्यावर खाली कसा उतरला. शेवटच्या रकान्याची आम्ही थट्टा करत असू. उडी मारलेला माणूस खाली उतरणारच, त्यात काय लिहायचे? तो म्हणे, “वर जाताना सगळेच बघतात. उतरताना तो कुठल्या पायावर उतरतो ते बघ ना.” हस्तलिखितांच्या नकला करणाऱ्यांचे हात ओळखण्यात दिवस घालवणारा माणूस, त्याला बारीकसारीक भेदांची सवय होती. आम्हाला आकडे हवे असत.

आकडे हळूहळू वाढतही होते. दुसऱ्या वर्षी तो सगळे ८२ सामने खेळला, सरासरी ७.८ गुण आणि ५.९ झेल. एकोणीस वर्षांच्या मुलासाठी हे वाईट नव्हते. परंतु चाहत्याचे गणित मुलाच्या वयाशी जमत नाही, ते संघाच्या गरजेशी जमते. ब्रायंट ऐन भरात होता आणि त्याची वर्षे वाया चालली होती. २००७ च्या फेब्रुवारीत अशी चर्चा होती की बायनमला देऊन जेसन किडसारखा अनुभवी खेळाडू आणता येईल. व्यवस्थापनाने ते केले नाही. उन्हाळ्यात ब्रायंटचे एका वाहनतळावर कोणीतरी केलेले चित्रण बाहेर आले. त्यात तो ह्याच गोष्टीवरून चिडून बोलत होता. आमच्यातही दोन तट पडले. तिघांचे मत होते की व्हायचा तेव्हा होईल तो, आज किड आणा. चौथा तळ्यात-मळ्यात. पाठभेदवाला एकटा म्हणत होता, थांबा. आमचा युक्तिवाद तेव्हा आम्हाला फार प्रौढ वाटला होता. वस्तुतः एका एकोणीस वर्षांच्या मुलाची आम्ही पेरणी-कापणीच्या भाषेत बोली लावत होतो, आणि ती कोणालाच खटकली नाही.

पुढच्या हिवाळ्यात तो मुलगा अचानक मोठा झाला. ‘अचानक’ हा आमचा शब्द. वहीत तो कुठेच नाही. वहीत पाहिले तर चेंडू झेलण्याची जागा दर महिन्याला पावलापावलाने टोपलीच्या जवळ सरकत गेलेली दिसते, हात खाली येण्याच्या नोंदी विरळ होत गेलेल्या दिसतात. २५ डिसेंबर २००७ रोजी फिनिक्सविरुद्ध त्याने २८ गुण आणि १२ झेल घेतले. त्या मोसमात त्याची सरासरी १३.१ गुण आणि १०.२ झेल अशी होती, आणि टाकलेल्या शंभरातले जवळपास चौसष्ट फटके टोपलीत जात होते. किड हवा म्हणणाऱ्यांनी आपली मते गुपचूप बदलली. “आम्ही म्हटलेच होते,” असे म्हणण्याचा अधिकार ज्याला होता त्याने तो वापरला नाही.

१३ जानेवारी २००८ रोजी मेम्फिसविरुद्धच्या सामन्यात एक झेल घ्यायला तो वर गेला आणि उतरताना त्याचा पाय लामार ओडम ह्या आपल्याच सहकाऱ्याच्या पायावर पडला. डाव्या गुडघ्याची वाटी सरकली. त्या मोसमात तो पुन्हा खेळला नाही. पस्तीस सामने झाले होते. त्या रात्री वहीतल्या शेवटच्या रकान्यावरून कोणी थट्टा केली नाही.

त्याच्या जागी क्वामे ब्राऊन उभा राहिला. ब्राऊन हा २००१ सालच्या निवडीतला पहिल्या क्रमांकाचा मुलगा, तोही शाळेतून थेट आलेला. म्हणजे एके काळचा सर्वांत मोठा होतकरू. सहा-सात वर्षांत त्याच्याकडून काही झाले नाही असा निकाल लागून चुकला होता. त्याच्या हातून चेंडू निसटू लागला आणि स्वतःच्याच मैदानावर प्रेक्षक त्याची हुर्यो उडवू लागले. आमच्या खोलीतही हशा होत असे. मग १ फेब्रुवारी २००८ रोजी मेम्फिसशी सौदा झाला: ब्राऊन आणि आणखी काही मंडळी देऊन पाउ गसोल हा कसलेला स्पॅनिश खेळाडू मिळाला. सगळीकडे लेकर्सने लुबाडले अशीच चर्चा होती. देण्यात आलेल्यांच्या यादीत पाउच्याच धाकट्या भावाचे, मार्क गसोलचे नाव होते. २००७ च्या निवडीत अठ्ठेचाळिसाव्या क्रमांकाचा, स्पेनमध्येच खेळत असलेला, अंगाने जड मुलगा. ते नाव आम्ही पत्रातल्या ‘ता. क.’सारखे वाचले आणि सोडून दिले. वहीतही ते नाही. मार्क गसोल २०१३ साली त्या संघटनेतला सर्वोत्कृष्ट बचावपटू ठरला, २०१५ मध्ये वर्षाच्या पहिल्या पाच खेळाडूंत आला, २०१९ मध्ये टोरांटोबरोबर अजिंक्य झाला. उडी उशिरा मारण्याची कला त्याच्याइतकी त्याच्या पिढीत थोड्यांनाच साधली. आम्ही एका मुलाच्या वाढीवर डोळे रोखून बसलो होतो, आणि खरोखर सावकाश वाढणारा मुलगा त्याच सौद्यात आमच्या दारावरून गेला.

ह्याच दिवसांतली दुसरी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

मित्राच्या विद्यापीठात दर वसंतात प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याच्या प्रगतीचा आढावा घेत आणि त्याला एक पत्र देत. पहिल्या वर्षीच्या पत्रात ‘अत्यंत आश्वासक’ असे होते. ते त्याने आम्हाला वाचून दाखवले होते आणि आम्ही बासुंदी केली होती. तिसऱ्या वर्षीचे पत्र म्हणत होते की प्रगती समाधानकारक आहे, मात्र वेग अपेक्षेपेक्षा कमी आहे. पाचव्या वर्षी ‘समाधानकारक’ हा शब्द गेला होता. पाठभेदांचे काम असे असते की एका ओवीच्या चार वाचनांपैकी कोणते आधीचे हे ठरवायला सहा महिने जातात, आणि ठरले तरी ते प्रबंधात दीड ओळीत मावते. पत्रे लिहिणाऱ्यांचीही काही दुष्टबुद्धी नव्हती. त्यांना पैसे मोजून द्यायचे होते, आणि ते वर्षांच्या हिशेबाने द्यायचे होते.

२००९ च्या वसंतातले पत्र आले तेव्हा आम्ही सामनाच पाहत होतो. बायनमने त्या वर्षी २१ जानेवारीला ४२ गुण केले होते आणि दहा दिवसांनी, पुन्हा मेम्फिसच्याच सामन्यात, ब्रायंट धडपडत त्याच्या उजव्या गुडघ्यावर येऊन आदळला होता. स्नायुबंध फाटला होता. मित्राने पत्र घडी करून खिशात ठेवले. आमच्यापैकी एकजण हसत म्हणाला, “अरे, तुझा तर बायनम झाला!” सगळे हसले. तोही हसला. मग तो पाचसहा आठवडे आमच्याकडे आला नाही. काम आहे, असे कळवत राहिला. हे वाक्य कोण बोलले हे इथे लिहिण्यात अर्थ नाही. जो बोलला तो आमच्या सगळ्यांच्या वतीने बोलला. चार वर्षे आम्ही पडद्यावरच्या मुलाकडे ज्या नजरेने पाहत होतो, तीच नजर घरातल्या माणसाकडे वळायला काहीच वेळ लागला नव्हता.

लेकर्स २००९ मध्ये अजिंक्य झाले आणि २०१० मध्येही. दुसऱ्या वेळी बायनमच्या उजव्या गुडघ्यातली कूर्चा फाटलेली होती; गुडघ्यात साचलेले पाणी काढून घेऊन तो बोस्टनविरुद्धच्या अंतिम फेरीत खेळत राहिला. ह्याचे कौतुक महिनाभर टिकले. मग त्याने शस्त्रक्रिया काही दिवस पुढे ढकलून दक्षिण आफ्रिकेत फुटबॉलचा विश्वचषक पाहायला गेल्याचे कळले, आणि पुढच्या मोसमाचे आरंभीचे सामने हुकले तेव्हा लोक खवळले. बावीस वर्षांच्या मुलाने उन्हाळ्यात सहलीला जावे ह्यात खवळण्यासारखे काय आहे, असे दुसऱ्या कुठल्याही मुलाबद्दल आम्ही म्हटले असते. पण त्याच्या गुडघ्यात तोवर आमचे भांडवल अडकले होते. आम्ही त्याला दमडीही दिलेली नव्हती. भांडवल म्हणजे नुसती पाच वर्षांची अपेक्षा. तरीही ती रक्कम आम्ही व्याजासकट धरून चाललो होतो.

२०१० च्या उन्हाळ्यात मित्र पदवी न घेता परत गेला. जाताना पुस्तकांची खोकी नेली, वही मात्र आमच्याकडे ठेवली. “पुढची पाने तुम्ही भरा,” म्हणाला. आम्ही काही सामने भरली. आमच्या नोंदी वाचल्या की लक्षात येते की आम्ही फक्त चुका लिहीत होतो.

लिहिण्यासारख्या चुकाही होत्या. ८ मे २०११ रोजी डॅलसविरुद्ध छत्तीस गुणांनी हरलेल्या सामन्यात बायनमने हवेत असलेल्या जे. जे. बरेया ह्या आपल्यापेक्षा फूटभर बुटक्या खेळाडूला कोपराचा दणका दिला. त्याला बाहेर काढले, आणि तो अंगावरची बंडी उतरवून उघड्या अंगाने निघून गेला. ते कृत्य वाईटच होते. बरेयाला कायमची इजा झाली असती. त्या रात्री आम्ही बायनमविषयी जे बोललो ते मात्र त्या कृत्याविषयी नव्हते. वाढ पुरी न झाल्याचा पुरावा मिळाल्यासारखे आम्ही बोलत होतो. म्हणजे आमच्या परीक्षणाला शेवटचा परिच्छेद मिळाला होता.

आणि मग, आमचा निकाल लागल्यानंतर, तो खरोखर मोठा खेळाडू झाला. २०११-१२ च्या मोसमात सरासरी १८.७ गुण आणि ११.८ झेल. निवडक खेळाडूंच्या वार्षिक सामन्यात त्याला सुरुवातीपासून स्थान मिळाले. मार्चमध्ये त्याने भलत्या वेळी लांबून एक फटका मारला म्हणून प्रशिक्षकाने त्याला बाकावर बसवले, तेव्हाही तो वरमला नाही. ११ एप्रिल २०१२ रोजी सॅन अँटोनियोमध्ये ब्रायंट खेळत नसताना त्याने एका सामन्यात ३० झेल घेतले. महिनाअखेरीस डेन्व्हरविरुद्ध बाद फेरीच्या पहिल्या सामन्यात दहा फटके अडवून त्याने त्या वेळच्या विक्रमाशी बरोबरी केली. चोवीस वर्षांचा होता तो.

ऑगस्टमध्ये चार संघांच्या एका मोठ्या सौद्यात ड्वाइट हॉवर्ड लेकर्सकडे आला आणि बायनम फिलाडेल्फियाला गेला. त्या शहरासाठी तो एकही सामना खेळला नाही. आधीच दुखावलेल्या गुडघ्यांपैकी एक बोलिंग खेळताना आणखी बिघडला, आणि २०१३ च्या मार्चमध्ये दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या. मग क्लीव्हलँडमध्ये चोवीस सामने, इंडियानात दोन. मार्च २०१४ नंतर तो ह्या स्पर्धेत दिसला नाही. सव्वीस वर्षांचा असताना संपले. सव्वीसाव्या वर्षी बरेच सेंटर कुठे नीट खेळू लागतात.

लोक त्याला वाया गेलेला म्हणतात. आळशी, बेफिकीर, खेळावर प्रेम नसलेला. ह्यातले काही खरेही असेल. तेव्हाच्या बातम्यांत असे येई की त्याला संगणक जोडण्याची आणि मोटारींची आवड आहे; हे नेहमी दोष म्हणून सांगितले जाई. परंतु ‘वाया गेला’ ह्या क्रियापदाला कर्ता जसा लागतो तसा कोणाचा तरी तोटाही लागतो. दोन अजिंक्यपदे, एक संपूर्ण उत्तम वर्ष, कराराचे कोट्यवधी डॉलर. त्याचा स्वतःचा तोटा काय झाला हे आम्ही सांगू शकत नाही. गुडघे त्याचे होते आणि ते दुखत कसे होते हे त्यालाच ठाऊक. तोटा झाला तो जानेवारी २००६ च्या एका गिरकीत आम्ही पाहिलेल्या पंधरा वर्षांचा. ती पंधरा वर्षे त्याने कोणाला देऊ केली नव्हती. होतकरू माणसाबद्दल आपण बोलतो तेव्हा आश्वासन आपणच लिहितो आणि सही त्याची आहे असे धरून चालतो.

ह्यावर असे म्हणता येईल की मग पारखच करू नये काय? शिक्षकाने गुण देऊ नयेत, समीक्षकाने बरे-वाईट म्हणू नये, चाहत्याने आशा धरू नये? तसे आम्हाला म्हणायचे नाही. आशा धरल्यावाचून कोणी कोणाला शिकवत नाही, आणि करीमला त्या मुलात काही दिसले नसते तर पाय कुठे ठेवायचा हे त्याने कशाला सांगितले असते! फरक आहे तो पाहण्याच्या दोन रीतींत. एका रीतीत आपण आज जे आहे ते पाहतो: हात वर राहिला, पाय हलला, ही ओळ उतरली, ही उतरली नाही. दुसऱ्या रीतीत आपण पुढचे पाहून ठेवलेले असते आणि आजचे सगळे त्यातून वजा करत जातो. पहिल्या रीतीने केलेली चिकित्सा कितीही कठोर असली तरी समोरच्याच्या कामी येते. दुसरीतले कौतुकसुद्धा त्याच्या डोक्यावरचे कर्ज असते. आम्ही त्या सात वर्षांत बहुतेक वेळ दुसऱ्या रीतीने पाहत होतो, आणि आमच्यात पहिल्या रीतीने पाहणारा जो एकच होता त्यालाही आम्ही दुसऱ्याच रीतीने पाहिले.

सॅन अँटोनियोतला तो तीस झेलांचा सामना सुरू असताना भारतात १२ एप्रिलची सकाळ होती. सामना संपल्यावर आम्ही मित्राला फोन केला. तो तेव्हा एका तालुक्याच्या गावी शिकवू लागला होता आणि कॉलेजला निघण्याच्या गडबडीत होता. तीस झेल, असे आम्ही ओरडूनच सांगितले. दोन वर्षांत त्याने एकही सामना पाहिलेला नव्हता. “वा!” म्हणाला, आणि थोडे थांबून त्याने विचारले, “उतरताना कसा उतरतोय रे? डाव्यावर भार टाकतो का अजून?”

आम्ही पाचही वाजल्यापासून पडदा सोडला नव्हता, तरी आम्हाला सांगता येईना. तीसच्या तीस वेळा आम्ही त्याला वर जाताना पाहिले होते.

मित्राचे पाठभेदांचे काम अजून चालू आहे. ते कुठवर आले, असे आम्ही त्याला विचारत नाही. सध्या कोणती ओवी घेतली आहे, असे विचारतो. तो सांगतो, आणि ते ऐकायला आता आम्हाला वेळ असतो.